दोन वर्षांची प्राचीन परंपरा

मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये काम करते आणि दौंडला राहते. माझा धाकटा भाऊ पुण्याला शिकत असताना एक खेळ शिकून आला होता. या खेळात एक जण जग सांगतो: इथं नदी आहे, पलीकडं गाव आहे, पुलावर पहारेकरी बसलाय. बाकीचे त्या जगातली एकेक माणसं होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. भाऊ नोकरीसाठी परदेशी गेला. फासे आणि नियमांचं जाडजूड पुस्तक माझ्याकडं राहिलं. दोन महिने ते कपाटावर होतं, मग मी ते लॅबमधल्या मैत्रिणीला दाखवलं. तिनं डबा खाता खाता वीस पानं वाचली आणि म्हणाली, "कधीपासून सुरू करायचं?"

ही मैत्रीण भांडगाव-खुटबावच्या पट्ट्यातल्या एका गावात दिलेली. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण मला तिथं अजून जायचं असतं. सासर ऊसवाल्यांचं, घर मोठं, शेतात बांधलेली दोन खोल्यांची फार्महाऊससारखी जागा रिकामीच. तिसरी आली ती माझी कॉलेजातली मैत्रीण. ती दौंडला बँकेत आहे. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, आमची पहिली शिफ्ट तीनला सुटते. आम्ही लॅबमधल्या दोघी कंपनीच्या बसनं भांडगावला उतरायचो, बँकवाली स्कूटी घेऊन तिथं थांबलेली असायची. तिघी एकाच स्कूटीवर बसून शेतावर जायचो. मैत्रिणीच्या सासूबाईंना वाटायचं आम्ही कंपनीच्या खात्याअंतर्गत परीक्षेचा अभ्यास करतो. वह्या, नकाशे आणि आमचे गंभीर चेहरे बघून कुणालाही तसंच वाटलं असतं.

पुस्तकातलं तयार जग आम्हाला पहिल्याच शनिवारी नकोसं झालं. तिथं सगळीकडं बर्फ. दर दहा मैलांवर दारूचा गुत्ता आणि त्यात एक गूढ म्हातारा. बँकवाली म्हणाली, "असा म्हातारा पाहायला एवढ्या लांब कशाला जायचं?" तेव्हा जग आपणच करायचं ठरलं. जग सांगण्याचं काम माझ्याकडं होतं, म्हणून देश, नद्या, देव, सण, लग्नाच्या पद्धती आणि मयताचे विधी करणंही माझ्याकडंच आलं.

देश जमला. काजळखोरं असं नाव ठेवलं, मधून तांबडी नावाची नदी सोडली. धर्म मात्र जमेना. मी आयुष्यात एकाच प्रकारचं लेखन केलंय, ते म्हणजे लॅबची एसओपी, कुठलं काम कोणत्या क्रमानं करायचं याचे लेखी नियम. तेव्हा मी धर्मही तसाच लिहिला. उद्देश: सृष्टीचं संतुलन राखणे. व्याप्ती: संपूर्ण काजळखोरं. जबाबदारी: पुजारी. मग कार्यपद्धती, एक ते चौदा. खाली आवृत्ती शून्य एक. देवाचं नाव सर्वसाक्षी. तो निराकार, निःपक्ष आणि सर्वव्यापी होता. मला तो फार आवडला होता.

मी वाचून दाखवलं.

"खातो काय?" लॅबवालीनं विचारलं.

"कोण?"

"देव. नैवेद्य काय असतो त्याला?"

"तो निराकार आहे गं."

"असू दे की. पण माणसं काहीतरी घेऊन येणारच ना? हात हलवत कोण जातंय देवाला?"

मी लिहिलं: भाजलेली बाजरी. आवृत्ती शून्य दोन. मग तिनं जत्रा कधी असते ते विचारलं. मी जत्रा दिली. मग जत्रेत पहिला दिवा कुणाचा हे विचारलं. मी म्हटलं, कुणाचाही, काजळखोऱ्यात सगळे समान आहेत. पुढच्या शनिवारी आम्ही ती जत्रा खेळलो. फासा टाकून दिवे लावायचे होते. लॅबवालीच्या पात्राचा, म्हणजे एका तलवारवाल्या बाईचा, दिवा सगळ्यांत आधी लागला. त्यानंतरच्या खेपेला ती म्हणाली, "आता दरवर्षी पहिला दिवा माझ्या घराण्याचाच."

"का?"

"मागच्या वर्षी माझाच होता म्हणून."

नियमांत बसत होतं. अशा रीतीनं माझ्या समतेच्या देशात पहिलं मानाचं घराणं तयार झालं, आणि त्यासाठी फक्त एक फासा आणि चौदा दिवस लागले.

बँकवाली इतका वेळ नकाशा पाहत होती. तिनं पेनाचं टोक गावाच्या कडेला ठेवलं. "इथं वेशीबाहेर कोण राहतं?"

"कुणीच नाही. मी ठेवलेलंच नाही तसं."

"मग मेलेली जनावरं कोण ओढतं?"

तिनं ते भांडण म्हणून विचारलं नव्हतं. बँकेत एखाद्या फॉर्मवर सही राहिलीय हे ती ज्या आवाजात सांगत असेल, त्याच आवाजात विचारलं होतं. मी म्हटलं, सगळे पाळीपाळीनं ओढतात. ती म्हणाली, "लिहून ठेव. लिहिलेलं नसलं की पाळी बरोबर एकाच घरावर येते."

तिचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीत धर्म बदलला. सर्वसाक्षीची आवृत्ती शून्य चार ऐकल्यावर तिनं सांगितलं की तिच्या पात्राला देव नको. मी जरा हिरमुसले. तेव्हा ती म्हणाली, "आमच्या घरात धर्म आजोबांनी विचार करून निवडला. धर्म निवडता येतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुम्हा दोघींना हे आत्ता खेळात कळतंय, म्हणून तुम्हाला एवढी मजा येतेय."

मी विचारलं, मग तुझ्या पात्राला काय हवंय?

"प्रश्न विचारायचा हक्क."

त्यातून तो नियम तयार झाला. काजळखोऱ्यात कोणतंही कार्य सुरू होण्याआधी जमलेल्यांपैकी कुणीही तीन प्रश्न विचारू शकतो. पुजाऱ्यानं किंवा राजानं खरं उत्तर द्यायचं. उत्तर देता आलं नाही तर कार्य त्या दिवशी होणार नाही. ह्याला आम्ही 'तीनपुशी' असं नाव दिलं. माझ्या सगळ्या एसओपींमध्ये ही एकच धड होती, आणि ती माझी नव्हती.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे लॅबवालीचे चुलत सासरे. एके काळी सोसायटीचे चेअरमन होते, नंतर पंचायतीतून त्यांचा गट गेला. तेव्हापासून ते शेतावरच्या बाजेवर पडून असत आणि आम्हाला वाटे ते झोपलेत. ते झोपलेले नसत. एकदा मी सणांची यादी वाचत असताना बाजेवरून आवाज आला.

"ताई, तुमच्या देवाला मानकरी किती?"

मी दचकून म्हटलं, "आबा, मानकरी असे नाहीतच. एक घराणं आहे, तेही चुकून झालंय."

"एकच? मग भांडनं कशी व्हनार?"

"होऊ नयेत म्हणूनच."

आबा उठून बसले. त्यांना माझी कीव आली असावी. "भांडन न्हाई तर जत्रा कसली, ताई? मान्सं देवाला येत्यात व्हय? कुणाचा मान हुकतोय ते बघाया येत्यात. दोन घरानी ठिवा. एकाला पालखीचा पुढचा दांडा द्या, दुसऱ्याला मागचा. पुढचा मोठा का मागचा मोठा, हे लिहू नका."

तसं केलं. त्या शनिवारचा खेळ आमच्या आजवरच्या खेळांत सगळ्यांत रंगला. त्यानंतर आबांसाठी चहाचा एक कप जास्त येऊ लागला. तीनपुशीचा नियम त्यांनी दोनदा वाचून घेतला. "कुनीबी इचारू शकतो?" "कुणीही." "आन् उत्तर न्हाई दिलं तर कार्य थांबतं?" "थांबतं." ते पुन्हा आडवे झाले.

महिन्याभरानं गावात पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन होतं. आम्ही शेतावर निघालो होतो, पण रस्त्यातच मांडव होता म्हणून स्कूटी लावून थांबलो. स्टेजमागं मोठा फ्लेक्स होता. त्यावर पंचायतीतल्या सत्ताधारी गटाचे सगळे फोटो होते. वाढदिवसाला काढलेले, गॉगल घातलेले, एक तर मोबाइलवर बोलतानाचाही होता. आबांचा फोटो नव्हता. पाहुण्यांनी कात्री हातात घेतली, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आबा उठले.

"थांबा. आदी तीनपुशी झाली पायजे."

माइकवाला थांबला. सरपंचांनी शेजाऱ्याकडं पाहिलं, शेजाऱ्यानं पाहुण्यांकडं. आबा माइकपाशी गेले आणि भरल्या आवाजात म्हणाले की आपल्या या भागात पूर्वजांपासून रीत आहे, कार्याआधी तीन प्रश्न पुसायचे. हल्लीच्या पोरांना सांगणारं कुणी उरलं नाही म्हणून ती बुडत चाललीय. लॅबवालीनं माझं मनगट घट्ट धरलं.

मंडपात पाचशे माणसं असतील. त्यातल्या एकानंही 'असली रीत आम्ही ऐकलेली नाही' असं म्हटलं नाही. म्हणणार कोण? तसं म्हणणं म्हणजे आपल्या घरात पूर्वज नव्हते असं कबूल करणं. उलट दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "व्हय, माझा आज्जा सांगायचा."

आबांनी विचारलं, "टाकी कुनासाठी?"

सरपंच म्हणाले, "गावासाठी."

"गाव म्हंजी कोन?"

"सगळे."

"मग फ्लेक्सवर सगळे का न्हाईत?"

लोक हसले. सरपंचांना उत्तर देता येईना. पाच मिनिटांची कुजबुज झाली, मग आबांना स्टेजवर बोलावून नारळ त्यांच्या हातानं फोडून घेतला. पूर्वजांची रीत पाळली गेली. आम्ही शेतावर पोहोचलो तेव्हा आबा आमच्या आधी येऊन बाजेवर बसले होते. बँकवालीनं विचारलं, "आबा, हे काय केलंत?"

"तुमीच म्हनला कुनीबी इचारू शकतो."

"पण ती रीत आम्ही दोन महिन्यांपूर्वी केली."

"समद्या रिती कुनीतरी कवातरी केल्यातच की," आबा म्हणाले. "तुमच्या वहीत पडून काय उपेग?"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. लॅबमध्ये मी आठ वर्षांत चाळीस एसओपी लिहिल्यात, आणि त्या सही करणाऱ्यांनीसुद्धा वाचलेल्या नाहीत.

पण पुढच्या सहा महिन्यांत तीनपुशी माझ्या हातात राहिली नाही. शेजारच्या गावात शाळेच्या खोलीच्या उद्घाटनाला झाली. मग एका गणेश मंडळानं केली. प्रत्येक ठिकाणी सत्काराची शाल ज्याला मिळाली नाही तो प्रश्न विचारायला उठायचा. तेव्हा आयोजकही सावध झाले आणि प्रश्न ठरवून टाकले. कार्य कुणासाठी? गावासाठी. गाव म्हणजे कोण? सगळे. सगळ्यांचं कल्याण व्हावं का? होवो. तिसऱ्याला सगळ्यांनी हात वर करून 'होवो' म्हणायचं आणि बँडवाल्यानं एक ठोका द्यायचा. पहिला प्रश्न विचारण्याचा मान जुन्या पाटलांच्या घराला, दुसरा पंचायतीला आणि तिसऱ्यासाठी चिठ्ठ्या. मानाचे फेटेही आले. पहिल्या प्रश्नाचा फेटा भगवा की केशरी यावरून एका ठिकाणी अर्धा दिवस मिरवणूक अडली होती.

माझी थोरली बहीण शिरूर तालुक्यात दिलीय, घोड नदीच्या काठच्या गावात. तिच्या जावेच्या बाळाच्या बारशाला मी गेले. पाळण्यापाशी आत्या उभी राहिली आणि तिनं सुरात विचारलं, "नाव कुणासाठी?" बायका म्हणाल्या, "बाळासाठी." "बाळ कुणाचं?" "सगळ्यांचं." मी बहिणीकडं पाहिलं. तिच्या सासूबाईंना माझा चेहरा दिसला.

"तुमच्याकडं दौंडला नसंल ही पद्धत," त्या प्रेमानं म्हणाल्या. "आमच्या शिरूरकडचीच जुनी हाय. तिकडं आता आता गेली म्हनं."

"मावशी, ही पद्धत मीच लिहिलीय," मी म्हटलं.

"व्हय का," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात घुगऱ्या दिल्या. बहिणीनं नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, कंपनीत फार ताण आहे का.

तिच्याच गावात कळलं की शिरूरचे एक निवृत्त मुख्याध्यापक तीनपुशीवर पुस्तिका लिहितायत. मी पुढच्या गुरुवारी, आमच्या साप्ताहिक सुट्टीला, वही घेऊन त्यांच्याकडं गेले. गुरुजी भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझं सगळं ऐकून घेतलं. खेळ, फासा, काजळखोरं, आबा. मी त्यांना वही दाखवली, त्यावर तारखा होत्या, आवृत्त्या होत्या, आम्हा तिघींच्या सह्या होत्या. लॅबची सवय, दुसऱ्याची सही घेतल्याशिवाय मी पान उलटत नाही.

गुरुजींनी चष्मा लावून प्रत्येक पान पाहिलं. शेवटी त्यांचे डोळे चमकले.

"तुम्ही लहानपणी हे कुठंतरी ऐकलेलं असणार," ते म्हणाले. "आजीकडून म्हणा, शेजारीण म्हणा. ते आत राहिलं आणि खेळाच्या निमित्तानं नकळत उतरलं. परंपरा अशाच टिकतात, ताई."

"गुरुजी, हा नियम माझ्या मैत्रिणीला सुचला."

"मग त्यांच्याही घरात असणार. पाहा, दोन वेगवेगळ्या समाजांच्या घरांत तोच नियम सापडतो. म्हणजे ही केवढी जुनी असेल. तुमची वही हाच माझा सगळ्यांत मोठा पुरावा आहे."

त्यांनी वहीच्या चार पानांचे मोबाइलवर फोटो काढले. पुस्तिका आली तेव्हा ऋणनिर्देशात मी होते, 'दौंडच्या लोकसंस्कृती संकलक' म्हणून. आत लिहिलं होतं की तीनपुशीचा उगम घोड आणि भीमेच्या काठी कुठंतरी असून काळ निश्चित सांगता येत नाही. त्या एका वाक्यावरून शिरूरवाले आणि दौंडवाले व्हॉट्सअॅपवर महिनाभर भांडले. घोड आधी का भीमा आधी. मी दोन्हीकडच्या ग्रुपांत होते आणि दोन्हीकडून मला 'तुम्हाला यातलं काही माहीत नाही' असं ऐकावं लागलं.

बँकवालीला यातलं फारसं काही हसण्यासारखं वाटत नव्हतं. "माझा नियम होता की उत्तर खरं द्यायचं," ती एकदा म्हणाली. "यांनी प्रश्न ठेवला आणि तेवढंच काढून टाकलं." तिची मावशी त्याच टाकीच्या गावात राहते, ओढ्याच्या पलीकडच्या वस्तीत. मावशी मजुरीला जाते. टाकी होऊन वर्ष होत आलं होतं आणि पाइप ओढ्याच्या अलीकडंच थांबला होता. का थांबला याला दर महिन्याला वेगळं कारण मिळायचं. पाइप संपला, ठेकेदार बदलला, ओढ्याला पाणी आहे, ओढा कोरडा आहे.

मग टाकीचा वर्धापन दिन आला. टाकीला वर्धापन दिन असतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आम्ही तिघी गेलो. या वेळी फ्लेक्सवर आबा होते, मध्यभागी, 'तीनपुशी परंपरेचे जतनकर्ते'. स्टेजवर त्यांना फेटा बांधलेला होता. पाटलांच्या घरातल्या माणसानं विचारलं, टाकी कुणासाठी? सगळे म्हणाले, गावासाठी. सरपंचांनी विचारलं, गाव म्हणजे कोण? सगळे म्हणाले, सगळे. चिठ्ठीत ज्याचं नाव निघालं होतं तो तिसऱ्या प्रश्नासाठी घसा साफ करत होता, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बँकवाली उठली.

"सगळ्यांत ओढ्यापलीकडची वस्ती येते का?" तिनं विचारलं.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण मंडपात सगळे 'होवो' म्हणायला तोंड उघडून बसले होते, त्यामुळं ऐकू गेला. बँडवाल्याला वाटलं प्रश्न झाला, त्यानं ठोका दिला.

आयोजकांतला एक जण म्हणाला, "मॅडम, तिसऱ्या प्रश्नाचा मान आज दुसऱ्यांचा आहे."

ती म्हणाली, "पुस्तिकेत पान नऊवर लिहिलंय, जमलेल्यांपैकी कुणीही विचारू शकतो. उत्तर नसलं तर कार्य होत नाही. ही पूर्वजांची रीत आहे, मी नाही बदलू शकत." मग तिनं पुस्तिका उघडून ते वाक्य वाचलं. पाठीमागून वस्तीतल्या बायका उठून तिच्या मागं उभ्या राहिल्या, तिची मावशी सगळ्यांत पुढं.

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबा अडचणीत आले होते. 'ही रीत नाही' म्हणावं तर फ्लेक्स खोटा पडत होता. त्यांनी फेटा सारखा केला आणि टाकीकडं पाहिलं. मला वाटलं ते काहीतरी चतुर बोलून सुटतील; ते त्यांना सहज जमलं असतं.

"प्रश्न बरोबर हाय," आबा म्हणाले. "उत्तर न्हाई. कार्य होनार न्हाई." आणि ते स्टेजवरून उतरले.

जेवणं मात्र झाली. पाचशे माणसांचा स्वयंपाक कुठल्याही परंपरेपेक्षा मोठा असतो. पण नारळ फुटला नाही, आणि न फुटलेला नारळ गावाला फार खुपला. तो ग्रामपंचायतीच्या टेबलावर तसाच होता. येणारा-जाणारा विचारायचा, हा कसला? सात आठवड्यांत पाइप ओढ्यापलीकडं गेला. आबांनी रोज जाऊन खोदकाम पाहिलं. ते त्यांनी वस्तीसाठी केलं, फ्लेक्ससाठी केलं, की सरपंचांना जड जावं म्हणून केलं, हे मी त्यांना विचारलं नाही. बँकवालीनं विचारलं. ते म्हणाले, "तिन्हीसाठी."

यंदाच्या कार्यक्रमाची पत्रिका गेल्या महिन्यात आली. खाली बारीक अक्षरांत टीप आहे: 'परंपरेनुसार प्रश्नकर्त्यांनी आपलं नाव व प्रश्न पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतीत नोंदवावा.' लॅबवाली म्हणाली, ही तर तुझी एसओपीची भाषा. मला ते नाकारता आलं नाही.

आम्ही फॉर्म आणायला गेलो आणि तिथून बँकवालीच्या मावशीकडं. मावशी नळापाशी कळशी घासत होती. मी म्हटलं, "मावशी, पाणी आलं ना आता?"

"आलं की. सकाळी धाला येतं. मी सातलाच कामावर गेल्याली असते." तिनं कळशी उपडी ठेवली. "शेजारीन भरून ठिवती. तिची कामं टाकून. हे कुनाला इचारायचं?"

बँकवालीनं पिशवीतून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि मावशीचं पूर्ण नाव कसं लिहायचं ते तिला विचारलं.